पुलावरची पाठ

सगळे तिला सिस्टर म्हणत. शेजारीपाजारी, पोस्टमन, इतकंच काय, घरात सूनसुद्धा. युद्धात शहराला वेढा पडला तेव्हा ती शिकाऊ नर्स होती. ड्यूटी संपली की तापाच्या जुन्या तक्त्यांच्या कोऱ्या बाजूवर ती दिवसभराचं लिहून काढायची. ते कागद म्हातारपणापर्यंत कपाटात पडून होते. सुनेने हट्टाने ते टाइप केले, प्रकाशकाला दिले आणि बघता बघता पुस्तक परदेशी भाषांतही गेलं.

"माझं रडगाणं कोण वाचणार?" सिस्टर म्हणाली होती.

पण पत्रं येऊ लागली ती थांबेचनात. प्रकाशक भाषांतर करून पाठवायचा, सून मोठ्याने वाचायची. लांबच्या उष्ण देशातल्या एका शिक्षकाने लिहिलं, आमच्या मुलांनी बर्फ पाहिलेला नाही, पण पाण्याच्या रांगेबद्दल त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. एका आजोबांची तक्रार होती, तुमच्या मांजरीला आधी तीन पिल्लं होती, पुढे चार कशी झाली? सिस्टरची हसून पुरेवाट झाली. "कळव त्यांना, एक शेजारचं घुसलं होतं!" आणि आज युद्ध चालू असलेल्या कुठल्याशा शहरातल्या नर्सने लिहिलं, पुस्तक वॉर्डात हातोहात फिरतंय, मीही लिहायला घेतलंय.

सिस्टरने चष्मा काढून पुसला. "हिला आधी उत्तर दे. म्हणावं, लिही, पण झोप मोडून नको."

मग शत्रूच्या देशातून तीन पत्रं आली. तीन वेगळ्या गावांहून, आणि तिन्हींत विचारणा एकच.

डायरीत एक पान होतं. धुक्याच्या पहाटे सिस्टर कोटाखाली औषधं लपवून पूल ओलांडत होती आणि पहारेकरी शिपायाने तिला पाहिलं. त्याने बंदूक उचलली, खाली केली, आणि तिच्याकडे पाठ करून नदी बघत उभा राहिला. ती पार जाईपर्यंत हलला नाही. तिघांचेही वडील त्या पुलावर पहाऱ्याला होते. तिघांनीही विचारलं होतं, तो शिपाई आमचे बाबा तर नव्हते?

"फोटो मागवूया का?" सुनेने विचारलं.

"काय उपयोग? धुक्यात तोंड दिसलं कुठे? पाठच तेवढी लक्षात राहिली."

सिस्टरने तिघांनाही खरं तेच कळवलं. सांगता येत नाही, आणखी दोघांनीही हेच विचारलंय, पण त्याचे आभार मानायचे राहून गेलेत, तुम्ही घ्याल का?

त्यांतली एक बाई थेट दारात येऊन उभी राहिली. बस चालवायची ती, केस पिकलेले, हातात टोपी. सोबत दुभाषा म्हणून तिची मुलगी. बसताच तिला रडू फुटलं.

"बाबा युद्धाबद्दल कधी अवाक्षर बोलले नाहीत. त्यांच्या वर्दीची आम्हाला लाज वाटायची. फोटो ट्रंकेत टाकला होता. तुमचं पुस्तक वाचलं आणि भिंतीवर लावला."

"पण बाई, ते दुसरे कुणी असले तर?"

"असतीलही. पण तसं वागणारं तिथे कुणीतरी होतं, एवढं कळलं. बाकीच्या दोघांनाही द्या तुम्ही आभार. आमच्या वाट्याला आले तेवढे पुरेत."

इतकी वर्षं ज्याचं देणं मनावर होतं, ते घ्यायला आज कुणी समोर बसलं होतं. सिस्टरने बाईचा हात धरला. सवयीने बोटं मनगटावर गेली.

"केवढी धडधडतेय!" ती म्हणाली. "सूनबाई, ताटं वाढ. रिकाम्या पोटी गाडी चालवून आलीये पोर."

मुलीने भाषांतर केलं तशी ती पिकल्या केसांची पोर खुदकन हसली आणि डोळे पुसत टेबलाशी जाऊन बसली.