साडेबारा वाजताचा बिबट्या

माझ्या साडूची सोफ्यांची मोठी शोरूम आहे आणि माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. मी वाकून आत जातो, गिऱ्हाईक बाहेर उभं राहतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी एवढा का जळलो ते समजेल.

बिबट्या बघायला जायची कल्पना माझी होती. माझी. सासरे, म्हणजे बाबा, सिनेमा थिएटरात मशीन चालवायचे. आयुष्यभर एका कोंदट खोलीत बसून त्यांनी लोकांना पडद्यावरचे जंगली प्राणी दाखवले. एकदा जेवताना म्हणाले, "एक खरा बिबट्या बघायचा राहिला बुवा. पिंजऱ्यातला नाही. मोकळा." बाकीचे वाढण्यात आणि मोबाईलमध्ये गुंतले होते. मी ऐकलं. आणि मनात ठरवलं, हा बिबट्या बाबांना मी दाखवणार. दुसरं कुणी नाही.

शोधून शोधून तंबूंचा एक कॅम्प काढला. खडकाळ टेकड्यांच्या पायथ्याशी. बायकोला सांगितलं. बायकोनं ताईला सांगितलं, म्हणजे तिच्या मोठ्या बहिणीला. ताईनं साडूला.

संपलं. दुसऱ्या दिवशी साडूचा फोन. "छोटे, बुक केलं बरं का मी! सगळ्यांचं. तुम्ही फक्त बॅग भरायची."

आता बोला.

साडू माणूस वाईट नाही. हेच तर दुःख आहे. वाईट असता तर निवांत शिव्या दिल्या असत्या. तो हसतो, खर्च करतो, सगळ्यांना प्रेमानं मिठ्या मारतो. आणि बाबा त्याला "जावईबापू" म्हणतात, अहो-जाहो करतात. मला सरळ अरे-तुरे. तेही एक वेळ चालेल. पण बाबा त्याच्याशी बोलताना त्याच्या डोळ्यांत बघतात. सरळ, थेट, मान हलवत. माझ्याशी बोलताना कानाकडे बघतात. लग्न झाल्यापासून. मी समोर बसलोय, आणि नजर माझ्या डाव्या कानावर. जणू मागे दुसरा कुणीतरी चांगला जावई उभा आहे.

बायकोला विचारलं एकदा. ती म्हणाली, "तुझे कान आहेतच तसे. लक्ष जातं माणसाचं."

तर असो. पोचलो कॅम्पवर. लाकडी फळ्यांच्या ओट्यांवर उभे केलेले खाकी तंबू. आत खरोखरचा पलंग, मागच्या बाजूला कापडी भिंतीतलं न्हाणीघर, दाराला गुडघ्यापासून डोक्यापर्यंत चेन. वाऱ्यानं कापड फुगायचं आणि पुन्हा बसायचं, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखं. साडूनं आल्या आल्या पलंगाची गादी दाबून बघितली आणि म्हणाला, "फोम हलका वापरलाय." सवयच ती.

तिथला मुख्य ड्रायव्हर म्हणजे कॅप्टन. खरं नाव काय होतं देव जाणे, जहाजावरच्या माणसासारखी पांढरी टोपी घालायचा म्हणून सगळे कॅप्टनच म्हणायचे. त्यानं नियम सांगितले.

"बिबट्या दिसला की ओरडायचं नाही. उभं राहायचं नाही. बोट दाखवायचं नाही. हात हलला की तो गेलाच म्हणून समजा. इथं आम्ही घड्याळ सांगतो. जीपचं नाक म्हणजे बारा. उजवा हात तीन, डावा नऊ. मी हळूच म्हणणार, अकरा वाजता. सगळ्यांनी मुंडी अकराकडे. कळलं?"

"आणि मागं दिसला तर?" ताईनं विचारलं.

"सहा वाजता. पण सहाला फार जवळ असला तर मी वेळ सांगत बसणार नाही, गाडी पळवणार."

जीपा दोन होत्या. बाबा माझ्या जीपमध्ये बसणार असं मी घरूनच ठरवून आलो होतो. त्यांची बाटली, शाल, सगळं माझ्या पिशवीत. पण साडूनं त्यांचा हात धरला. "बाबा, इकडे या, कॅप्टनच्या शेजारची सीट मऊ आहे." झालं. मऊ सीट. माणूस बिबट्या बघायला आलाय की सोफा?

आमच्या जीपला त्या संध्याकाळी काय दिसलं? हरणांची पाठ. एक ससा. एक घुबड, तेही झोपलेलं.

परत आलो तर जेवणाच्या तंबूतून साडूचा आवाज लांबूनच ऐकू येत होता. आवाजावरूनच कळलं.

"अरे छोटे, काय मिस केलंत! अकरा वाजता! खडकावर राजासारखा बसलेला! मी म्हटलं बाबा, बघा, सरळ बघा, तो बघा! आणि बाबा काय म्हणाले सांगा बाबा!"

"वा, म्हणालो," बाबा म्हणाले.

"वा! तीनदा म्हणाले! वा, वा, वा!"

बायकोनं बाबांच्या गळ्यात हात टाकला. ताईच्या डोळ्यांत पाणी. मीही हसलो. हसताना गाल दुखतात, पहिल्यांदाच समजलं. सूपमध्ये चमचा फिरवत बसलो. कल्पना माझी, कॅम्प मी शोधलेला, आणि बिबट्या त्याचा. आता जन्मभर हेच ऐकायचं. प्रत्येक जेवणाला. माझ्या पोरांनासुद्धा हेच सांगणार हे लोक, की आजोबांना बिबट्या काकांनी दाखवला.

बायको तंबूत म्हणाली, "तोंड का पाडलंस? बाबांना दिसला ना? मग झालं की."

"झालं की," मी म्हटलं.

नव्हतं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीत कुणालाच काही दिसलं नाही. याचा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. दुपारी सगळे आडवे झाले. बाबांनी हाक मारली. त्यांच्या न्हाणीघराची चेन अडकली होती. असल्या कामाला मी. मऊ सीट द्यायला तो, चेन काढायला मी. गेलो. चेनीच्या दातांत कापड अडकलं होतं, साबण लावून हळूहळू मागे घेत होतो. बाबा पलंगावर बसलेले.

राहवेना. म्हटलं, "कसा होता हो?"

"कोण?"

"बिबट्या."

"मोठा होता," बाबा म्हणाले. "रुबाबदार."

"बसला होता की उभा?"

"म्हणजे... दोन्ही."

साडूनं काढलेल्या फोटोंचा ढीग ग्रुपवर टाकला होता. मोबाईल उघडला, बिबट्याचा फोटो मोठा केला आणि त्यांच्यासमोर धरला. म्हणजे मला वाटलं बिबट्याचा. साबणाचा ओला अंगठा, फोटो पुढे सरकला होता.

"हाच ना?"

बाबांनी स्क्रीनकडे एकटक, सरळ बघितलं. "हाच, हाच. काय डोळे आहेत बघ."

मी मोबाईल वळवला. स्क्रीनवर साडू होता. टोपी घालून, दात काढून, स्वतःचाच काढलेला फोटो.

मला आधी फस्सकन हसू आलं. मग बाबांचं तोंड बघितलं आणि थांबलो.

"कुणाचा होता फोटो?" त्यांनी हळूच विचारलं.

"साडूभाऊंचा."

"हात्तिच्या," बाबा म्हणाले. कापड फुगलं, बसलं.

"मधलं गेलंय सगळं," ते म्हणाले. "दोन्ही डोळ्यांचं. जिथं बघावं तिथंच एक राखाडी डाग येतो. कडेचं दिसतं. पडद्याच्या मधोमध भोक पडावं आणि चौकट तेवढी शाबूत राहावी, तसं. चष्म्यानं होत नाही, ऑपरेशननं होत नाही, डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं."

"घरी कुणाला...?"

"कुणाला नाही. मोठीला कळलं तर उद्या मला उचलून नेईल. खोली तयार ठेवलीय तिनं माझ्यासाठी, सोफ्यासकट. मला माझ्या घरात राहायचंय. चहा मी अंदाजानं करतो, जिना पाठ आहे. सांगीन मी पोरींना, पण माझ्या तोंडानं सांगीन. तू बोलायचं नाहीस."

"नाही बोलत."

"काल जावईबापू म्हणत होते, सरळ बघा, सरळ बघा. सरळ बघितलं की नेमका तोच पुसला जातो. आणि ते एवढ्या हौसेनं दाखवत होते. वा म्हणालो. काय करणार?"

मी चेनीकडे बघत होतो. डोक्यात काहीतरी हळूहळू सरकत होतं.

"बाबा, मग तुम्हाला माणसाचं तोंड कसं दिसतं?"

"बाजूला बघायचं. कानाकडे बघितलं की तोंड दिसतं, अगदी स्वच्छ नाही, पण दिसतं." थोडं थांबून म्हणाले, "सारखं सारखं जमत नाही, डोकं दुखतं. जावईबापू बोलत असले की मी आपला सरळ बघतो आणि मान हलवतो. त्यांना तेवढं पुरतं."

हे म्हणताना ते माझ्या डाव्या कानाकडे बघत होते.

चेन सुटली. मी दोन-तीनदा उगाचच खालीवर केली.

संध्याकाळी दुसरी जीप चालूच होईना. मग सगळे कॅप्टनच्या एकाच जीपमध्ये. साडू पुढे होऊन म्हणाला, "बाबा पुढे, मऊ सीटवर, मी त्यांच्या मागं. काल मीच दाखवला, आजही मीच दाखवणार!"

"मी बसतो त्यांच्या मागं," मी म्हटलं.

"अहो छोटे, तुम्हाला समजणार आहे का कुठं बघायचं ते?"

"बसू द्या त्याला," बाबा म्हणाले. "माझी शाल त्याच्याकडे आहे."

शालीनं जागा मिळाली मला. असो, मिळाली ना.

उन्हं तिरपी झाली होती. टेकडीच्या वळणावर कॅप्टननं इंजिन बंद केलं आणि ओठ न हलवता म्हणाला, "बारा वाजता."

होता. जीपच्या नाकासमोर, खडकाच्या उतरणीवर. दगडासारखाच रंग, म्हणून आधी दगडच वाटला, मग दगडानं शेपूट हलवली. पण मी बिबट्या बघत नव्हतो, मी बाबांची मान बघत होतो. मान सरळ. बाराला. म्हणजे त्यांच्या समोर राखाडी डाग.

मागून साडूची कुजबुज, "बाबा, बारा! नाकासमोर! सरळ बघा!"

मी पुढे वाकलो आणि त्यांच्या कानात म्हटलं, "साडेबारा."

"काय?" साडू.

"बाबा, साडेबारा वाजता बघा. त्या वाकड्या झुडपाकडे."

"अरे बारा! बारा वाजता आहे तो! साडेबारा काय? घड्याळ कळत नाही का तुम्हाला?" साडू कुजबुजत ओरडत होता, ते फक्त त्यालाच जमतं. ताई मागून म्हणाली, "अहो छोटे, प्लीज, चुकीचं नका ना सांगू त्यांना!" बायकोनं माझा शर्ट ओढला. कॅप्टननंसुद्धा वळून बघितलं, त्याच्या घड्याळात अर्धे तास नव्हतेच.

माझे कान तापले. तोंडावर आलं होतं, की गप्प बस, तुझ्या कालच्या बिबट्याचं मला सगळं माहीत आहे, फुकट वा घेतलेस तीन. एवढंच म्हणायचं होतं. साडू जन्माचा गप्प झाला असता.

"साडेबारा," मी पुन्हा म्हटलं. "झुडूप बघा. फक्त झुडूप."

बाबांची मान हळूच उजवीकडे सरकली. थांबली.

तेवढ्यात बिबट्या उठला. अंग ताणलं आणि उतारावरून खाली यायला लागला, आमच्याच दिशेनं, घाई नसलेल्या माणसासारखा. जीपच्या समोरून रस्ता ओलांडला. इतक्या जवळून की खांद्याची हाडं कातड्याखाली वरखाली होताना दिसली. मी दबक्या आवाजात बोलत राहिलो, "एक... आता अकरा... अकराच्या थोडं अलीकडे..." मुद्दाम चुकवत. प्रत्येक वेळी त्याच्या जरा बाजूला. बाबांची मान माझ्या चुकीच्या घड्याळाबरोबर फिरत होती. मग तो गवतात शिरला आणि गेला.

बाबांनी मागं न बघता हात मागं केला, माझा गुडघा सापडला, तो घट्ट धरला. वा म्हणाले नाहीत.

बऱ्याच वेळानं, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "शेपटीचं टोक वर धरून चालतो रे. खालून पांढरं असतं."

होतं. पांढरंच होतं.

जेवणाच्या तंबूत साडू पुन्हा सुरू झाला. "आणि आमचे छोटे काय सांगतात? साडेबारा! बिबट्या समोर बसलाय आणि हे बाबांना झुडूप दाखवतायत!" सगळे हसले. कॅप्टनही हसला. बायको माझी असूनसुद्धा हसली.

"नशीब, काल मी होतो," साडू म्हणाला. "काय बाबा? पहिला बिबट्या कुणी दाखवला तुम्हाला?"

बाबांनी त्याच्या डोळ्यांत सरळ बघितलं. मान हलवली. "तुम्हीच हो, जावईबापू."

आणि खरं सांगू? सगळं माहीत असूनही मी जळलो. चांगला जळलो. त्याला ते सगळ्यांसमोर मिळालं होतं, हसत, मोठ्यानं, आणि मला जीपमध्ये, कुणाला न दिसता, गुडघ्यावर. वाटलं उठून सांगावं. तोंडात पाव कोंबला आणि चावत बसलो.

बायको कानाशी आली, बिचारी समजूत घालायला. "मनाला लावून घेऊ नकोस. बाबांचा स्वभावच तसा आहे. दाजींशी बोलताना बघ कसे डोळ्यांत डोळे घालून बोलतात. तुझ्याकडे धड बघतही नाहीत."

"असू दे," मी म्हटलं.

टेबलाच्या पलीकडून बाबांनी हाक मारली. "अरे, साखर दे रे जरा."

त्यांची नजर माझ्या डाव्या कानावर होती. मी लगेच दिली नाही साखर. जरा वेळ तसाच बसून राहिलो, हललो नाही.