बाहेरून बी.कॉम.

आमच्या घरात महिनाभर एकच विषय शिजत होता: पवनने डिग्री करायची की सर्टिफिकेट. पवन माझा धाकटा भाऊ. कामरगावच्या स्टँडसमोर त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मध्यंतरी गावात फसवे फोन यायला लागले, काहींची खाती साफ झाली, आणि सगळे पोलिसांच्या आधी याच्याकडे धावले. कोणत्या लिंकने घात केला हे शोधता शोधता याला त्याचंच वेड लागलं. आता जन्मभर स्क्रीन बदलत बसायचं नाही, सायबर सुरक्षेतच काम करायचं, असं त्याने जाहीर केलं.

माय म्हणायची, डिग्रीच कर. अमरावतीला तीन वर्षं राहा, दुकान बंद पडलं तर पडू दे. सर्टिफिकेट म्हणजे तिच्या लेखी शाळेत धावण्याच्या शर्यतीत मिळतं ते. मी नेमकी उलट बाजूला. माझ्याकडे एम.ए. आहे, बी.एड. आहे आणि तरी मी तासिकेवर शिकवते, त्यामुळे डिग्री हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. आम्ही दोघी भांडायचो आणि पवन जेवता जेवता दोघींनाही हो म्हणायचा. त्याचा मला जास्त राग यायचा.

खरं म्हणजे तो घाबरला होता. तिशी ओलांडलेली. तीन वर्षं दुकान बंद राहिलं तर गिऱ्हाईक परत यायचं नाही, आणि नुसत्या सर्टिफिकेटवर गेलं तर कंपनीवाले पहिल्याच प्रश्नाला बाहेर काढतील. प्रवेशाची मुदत संपत आली तशी त्याची झोप उडाली. शेवटी मीच त्याला कारंज्याला नोमानकडे ओढत नेलं. नोमान त्याचा जुना दोस्त. पुण्यात याच कामात आहे, सुट्टीवर आला होता.

नोमानने चहा मागवला आणि आधी तेच विचारलं, ग्रॅज्युएशन कशात?

पवनने मान खाली घातली. "नाही ना बे. बारावीच हाय."

त्याची ती पडलेली मान मला बघवेना. मी म्हटलं, बी.कॉम. केलंय तसं, पण बाहेरून.

आमच्याकडे हे असंच आहे. रोज कॉलेजात गेला तर तो शिकला. दुकान सांभाळून मुक्त विद्यापीठाच्या परीक्षा दिल्या तर ते बाहेरून, शिकण्यात जमाच नाही. पवन पास झाला तेव्हा पेढे तर सोडाच, मायने शेजारच्या रुपाबाईलाही सांगितलं नव्हतं.

मला वाटलं नोमान हसेल, तो चिडला. "बाहेरून म्हंजे काय? मार्कशीट हाय ना? मंग तू ग्रॅज्युएट हायेस ना बे. आणखी एक डिग्री कायले करून राह्यला?"

मग त्याने नीट समजावलं. सुरुवातीच्या बऱ्याच जागांना कोणतीही पदवी चालते, आणि ती याच्याकडे आहे. आता नेटवर्किंगचा पाया पक्का करायचा, एका चांगल्या सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची, घरच्या कॉम्प्युटरवर सराव करायचा. नोकरी लगेच लागेल असं नाही, नकारही येतील. पुढे मोठ्या जागेसाठी वरची पदवी लागलीच, तर ती नोकरी करता करता बाहेरूनच करायची. हे ऐकून पवन इतका हसला की त्याचा चहा सांडला. किती दिवसांनी हसला होता. मला तर रडूच यायला लागलं.

परतताना जीपमध्ये तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपला. मी इतकी खूश होते की पायावर पोतं ठेवणाऱ्या बाईशीही भांडले नाही.

घरी माय भाकरी थापत होती. पवनने सगळं सांगितलं. ती थापायची थांबली. मी पुढच्या भांडणाच्या तयारीत उभी राहिले.

"म्हंजे तू अमरावतीले जाऊन नाही राह्यला?" तिने विचारलं.

"नाही जात, माये."

मायने पिठाच्याच हाताने पदर डोळ्यांना लावला. मग महिनाभर डिग्री डिग्री काय लावलं होतं, असं मी जरा तडकूनच विचारलं.

"मले कायची डिग्री पायजे व," ती म्हणाली. "तुह्या बापाले शिकला नाही म्हणून जिथं तिथं दारातूनच वापस धाडलं. याले कोणी तसं धाडू नये, एवढंच वाटे."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, ती पवनने उलटली.