व्याह्याचं नाक

एसटी सुरू झाली, तरी भूमच्या मुनवर टेलरचं पाऊल गावाबाहेर पडेना. लेक फरहाना ढोकीला बाळंत झालेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते करोनापायी सासरीच उरकलं, याचं त्याच्या बायकोला, सरदारबीला, फार वाईट वाटत होतं. आता चाळीस दिवस पुरे व्हायच्या आत नात मांडीवर घ्यावी, एवढंच तिचं मागणं.

मुनवर रोज नवं कारण काढी. आज म्हणे, गाडीत बावीसच माणसं घेतात, म्हणजे सरकारच घाबरलंय. उद्या म्हणे, बावीस माणसं कशाला कोंबतात? टीव्ही, मोबाइल आणि न्हाव्याचं दुकान, यांतलं जे सगळ्यात वाईट सांगेल त्यावर त्याचा विश्वास. एकटीनं प्रवास करायची सरदारबीला सवय नव्हती. शेवटी गल्लीतल्या बायांसमोर तिनं त्याला भित्रा ठरवून टाकलं. हा तरी ढिम्म.

मग तिनं डोकं चालवलं. शेजारचा महारुद्र एसटीत कंडक्टर. त्याला चहा पाजून तिनं नीट पढवलं. संध्याकाळी तो दुकानात शिरला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाला, "ढोकीला गेलतो, चाचा. तुमची नात बघितली. नाक पार तुमच्या व्याह्यावर गेलंय. समदभाई गावभर सांगत हिंडायलेत."

मुनवरनं मशीन थांबवलं. सोयरीक जमल्यापासून समदभाईंपुढं तो कशातच हार गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत तो एकावर एक दोन मास्क चढवून बसला.

ढोकीत फरहाना बाळ घेऊन दारात आली. सरदारबीनं हात पुढं केले. मुनवर मात्र अंगणातच थबकला. समदभाईंनी आत या म्हटलं, तरी जागचा हलेना. नाक कुणाचं, हे बघायचंही तो विसरला.

"माझ्या दुकानात अख्खं भूम कापडं घेऊन येतंय," तो हळू आवाजात म्हणाला. "माझं काय व्हायचं ते होऊ द्या. पर मीच काही घेऊन आलो असंल अन् या लेकराला झालं तर?"

सरदारबीला लाज वाटली, फार वाटली. आणि या माणसाच्या शेजारी बसून रोज जेवणारी तीच तर होती. सहा पावलांवर नात दुपट्यात जांभई देत होती. पुढं केलेले हात तिनं मागं घेतले.

"समदभाई," ती म्हणाली, "आमच्या दोघांची सोय भाएर ओसरीवरच करा. चौदा दिवस आमी हितनंच बघतो."

एका वेळच्या जेवणाची तयारी करून बसलेल्या समदभाईंनी दोन खाटा बाहेर काढल्या.