धक्क्याचं भाडं

रतिलाल शेठचं आवार उतारावर होतं. माल वाहायची जुनी गाडी हप्त्यानं घेताना ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती, तरी मला दिसली नाही. वाडा गावच्या त्या आवारात शेठनं चावी माझ्या हातात दिली, त्याच्या माणसानं चाकाखालचा दगड काढला, गाडी चार हात पुढे सरकली आणि धडधडत सुरू झाली. "बघा मंसूरमियाँ, एका दमात!" शेठ म्हणाला. मीही खुळ्यासारखी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी जव्हारला, आमच्या दारातल्या सपाट जागेवर चावी फिरवली, तर गाडी म्हाताऱ्यासारखी दोनदा खोकली आणि गप्प बसली.

माझे वडील कासम कल्हईवाले. ओट्यावर बसून ते पातेलं घासत होते. "भांडं वाजवून घ्यावं, एवढं तरी शिकवलं होतं तुला," ते म्हणाले आणि पुन्हा घासायला लागले.

बायको हलीमा कमरेवर हात ठेवून दारात उभी होती. "गाडी तुमची, हप्ता शेठचा आणि ढकलायला सगळी गल्ली! झकास सौदा केलात."

चावीनं इंजिन फिरवणारा सेल्फ मेलेला होता, हे एक. ढकलून सुरू करायला लागणारा दुसरा गिअर टाकला की आपोआप निसटायचा, तो डाव्या हातानं दाबून धरावा लागे. घाट चढताना पाणी उकळायचं, म्हणून पत्र्याचा डबा कायम सोबत. मी तिला शिव्या घातल्या, लाथा घातल्या, एकदा तर खाली उतरून बॉनेटवर दगडही हाणला. पोचा पडला तो माझ्याच गाडीला. पण परत द्यायचा विचार मी केला नाही. कारण थोड्याच दिवसांत मला कळलं, की शेठनं हीच गाडी माझ्याआधी दोघांना विकली होती आणि दोघांचाही शेवटचा हप्ता चुकल्याबरोबर ओढून नेली होती. भरलेले पैसेही बुडाले. मी ठरवलं, तिसरा मी होणार नाही. गाडी माझ्या नावावर होईल, नाहीतर मी तिच्याखाली मरेन.

तेव्हापासून मी उतार बघत जगलो. खोडाळ्यापासून वाड्यापर्यंत कुठे गाडी उभी करावी आणि कुठे करू नये, हे मला नमाजाइतकं पाठ झालं. खोडाळ्याहून गवताच्या गासड्या भरायच्या आणि मोखाडा, जव्हार करत वाड्याच्या वखारीत उतरवायच्या. सोबत लाडक्या हमाल. खोडाळ्याकडच्या पाड्यावरचा, बोलायला कमी आणि दोर आवळायला पक्का.

एकदा बाजाराच्या दिवशी मोखाड्याच्या मैदानात, ऐन सपाटीवर, गाडी बंद पडली. बाजार करून पाड्याकडे निघालेली माणसं समोरून चालली होती. लाडक्यानं हाक मारली तशी ती आली, ओझी खाली ठेवली आणि गाडी ढकलली. गाडी सुरू झाली. मी रिकामाच खोडाळ्याला चाललो होतो, म्हणालो, चढा सगळे. फाट्यावर उतरल्यावर सुकरी नावाची म्हातारी पदराची गाठ सोडायला लागली.

"राहू दे गं. तू ढकललीस ना? तेच भाडं."

सुकरीनं क्षणभर विचार केला आणि गाठ पुन्हा बांधली. तिला ते पटलं. पाड्यावर हिशेब तसाच चालतो. आज मी तुझ्या भाताच्या आवणीला, उद्या तू माझ्या. पैसे कोणी मोजत नाही, पण फेडायचं राहिलेलं कोणी विसरतही नाही. पुढच्या बाजारापासून रीतच पडली. आधी गाडीच्या मागच्या फळीला हात लावायचा, मग वर चढायचं. एकदा ढवळू नावाचा धट्टाकट्टा गडी न ढकलताच वर जाऊन बसला, तर सुकरीनं त्याला खाली उतरवला.

बघता बघता शेवटचा हप्ता आला. मे महिना होता, पावसाआधीची शेवटची खेप. मुदत दिवेलागणीपर्यंत. वखारवाला माल उतरला की रोख देणार होता आणि तेच पैसे मी शेठपुढे ठेवणार होतो. गवत वेळेवर पोचलं तर गाडी माझी, नाही पोचलं तर शेठची. मोखाड्यात बाजाराच्या वरच्या अंगाला, माझ्या नेहमीच्या उतारावर, मी गाडी लावली. चाकाखाली दगड घातला, लाडक्याला दोर आवळायला वर चढवलं आणि डबा घेऊन विहिरीवर गेलो.

परत येतो तर उतार रिकामा. नुसता दगड पडलेला.

खालून लाडक्याची बोंब ऐकू आली. बाजाराच्या मैदानात, मिरचीवाल्यांच्या आणि सुक्या मासळीच्या मधोमध, माझी गाडी उभी होती. लाडक्या वर गवताला मिठी मारून बसलेला आणि आत शेठचा माणूस वामन, घामानं निथळत. दुसरी चावी घेऊन तो सकाळच्या एसटीनं आला होता. त्यानं दगड काढला, गाडी उतारावर सोडली आणि दुसरा गिअर टाकला. तो निसटणार हे त्याला कुठून ठाऊक? इंजिन सुरू न होताच गाडी गडगडत थेट सपाटीला आली आणि तिथंच अडकली.

"शेठनं गाडी आणायला सांगितलंय," वामन म्हणाला.

"मुदत दिवेलागणीपर्यंत आहे!"

"ते शेठला सांग. मी हुकमाचा ताबेदार." मग तो लोकांकडे वळला. "ए, धक्का मारा रे! प्रत्येकाला रुपया देतो."

तेव्हा रुपयाला किंमत होती. ढवळूनं वामनच्या हातातल्या नोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दोन्ही हात काखेत घालून उभा राहिला. कोणीच हललं नाही.

सुकरी टोपली घेऊन पुढे आली. "आमी धक्का देतूं तो भाड्याचा. या मंसूरभाईला. तुला कशाचा देऊं? तू आमाला कवा बसवलास?"

मी वामनची गचांडी धरायला धावलो. लाडक्या वरून ओरडला, "मंसूरभाई, भांडण मागून कर! दिस चाललाय!"

खरंच होतं. मी रागाचा घोट गिळला. "वामन, तुझ्याच्यानं ही सुरू व्हायची नाही. दिवसभर बसून राहा, मी वखारीला निरोप धाडतो आणि पोलिसात जाऊन सांगतो, की माझा माल तू मुदतीच्या आत अडवलास. हा सगळा बाजार साक्षीला आहे."

वामननं बाजाराकडे पाहिलं. मग तो मुकाट्यानं खाली उतरला. "मला वाड्याला तरी सोड," तो पुटपुटला. "एसटी गेली."

"सोडतो. पण फुकट कोणी बसत नाही."

सुकरीनं सरकून आपल्या शेजारी फळीजवळ जागा केली. वामननं बाह्या वर केल्या. मी आत बसलो, दुसरा गिअर डाव्या हातानं घट्ट दाबला. मागून सगळा बाजार एकदम ओरडला आणि गाडी हलली. मी क्लच सोडला. एक हिसका, दुसरा हिसका, आणि काळ्या धुराचा लोट सोडून इंजिन पेटलं. सुख म्हणजे काय, ते मला त्या आवाजात कळलं.

घाटात पाणी उकळलं तेव्हा डबा घेऊन वामनच खाली उतरला. वाड्याला पोचलो, वखारीत गवत उतरलं, रोख हातात पडली. शेठ पेढीवर उदबत्ती लावत होता. दिवे अजून लागायचे होते.

"आणलीस गाडी?" त्यानं वामनला विचारलं.

"आणली शेठ," वामन म्हणाला. "ढकलत आणली."

मी पैसे पुढे ठेवले. शेठनं ते पुन्हा पुन्हा मोजले, मग कागदावर सही केली. बाहेर येऊन मी बॉनेटच्या त्या पोच्यावर हात ठेवला आणि मला रडू आलं. लाडक्यानं पाहिलं तर पाहू दे.

पावसाळ्यात नवी बॅटरी घेतली, नवा सेल्फ बसवला. रस्ते सुकल्यावर मुद्दाम बाजाराच्या दिवशी मोखाड्याला गेलो, ऐन सपाटीवर गाडी लावली आणि सगळ्यांसमोर ऐटीत चावी फिरवली. एका हाकेत सुरू! "चढा!" मी ओरडलो.

कोणी चढेना. सुकरी टोपली घेऊन तशीच उभी.

"आता भाडं काय देऊं?"

"काही नको, सुकरीबाई. गाडी आता आपली आहे."

"मंग चालतच जातूं," ती म्हणाली आणि रस्त्याला लागली. तिच्यामागून बाकीचेही निघाले. एवढी मोठी गाडी, आणि आत आम्ही दोघंच. मला त्या नव्या सेल्फचा असा राग आला, की तसा जुन्याचाही कधी आला नव्हता.

पुढच्या बाजाराला, माणसं यायच्या आधी, मी बॅटरीची तार काढून ठेवली.

"सुकरीबाई! पुन्हा बिघडली बघ!"

सुकरीनं टोपली लाडक्याच्या हातात वर दिली, पदर खोचला आणि दोन्ही हात फळीला लावले. "तुझी गाडी काय सुधरायची नाय," ती हसत म्हणाली आणि सगळा जोर लावून ढकलायला लागली.