पूजा झालेला चेंडू

पृथ्वी गोल आहे हे सिद्ध करायला थोरामोठ्यांना जहाजं लागली, दुर्बिणी लागल्या. मंठाळच्या व्यंकटनं ते नुसतं एका चेंडूमागं पळून सिद्ध केलं. सतराव्या वर्षी जिथून निघाला, तिथंच छत्तिसाव्या वर्षी परत आला. फरक एवढाच, की जाताना दोन्ही गुडघे चालू होते.

मधल्या काळात तो हैदराबादला एका कारखान्याकडून, कलकत्त्यात एका क्लबाकडून, मुंबईत एका गिरणीकडून आणि गोव्यात खाणवाल्यांकडून फुटबॉल खेळला, सगळीकडं फॉरवर्ड. म्हणजे सगळ्यांच्या पुढं राहून आधी लाथा खाणारा. गावानंही कमी प्रवास केला नव्हता. तो निघाला तेव्हा मंठाळ हैदराबाद राज्यात होतं, वर्षभरात म्हैसुरात गेलं, आणि तो परतला तेव्हा कर्नाटकात होतं. व्यंकटला निदान प्रत्येक क्लबानं विचारलं तरी होतं.

गोव्यात उजवा गुडघा गेला, हे फक्त बायकोला, शोभाबाईला ठाऊक. ती रोज एरंडाचं पान गरम करून बांधायची आणि बजावायची, की बसवकल्याणच्या शाळेत ड्रिल मास्तरची जागा निघालीय, कागदावर सही होईपर्यंत लंगडायचं न्हाई.

जागा किशनरावांच्या हातात. ते शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी एकच अट घातली: उमरग्याच्या पोरांशी एक मॅच खेळून दाखवायची. व्यंकटनं हो म्हटलं. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

मॅचसाठी आठ दिवस आधी सोलापूरहून चेंडू आणला. नवी वस्तू, म्हणून पूजा झाली. हळदकुंकू लागलं, झेंडूचा जाडजूड हार पडला. पूजेच्या चेंडूला पहिला पाय पाहुण्याचा, म्हणजे व्यंकटचाच, असं ठरलं, आणि तेव्हापासून चेंडू तांदळाच्या राशीवर विराजमान होता. कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

मॅचच्या दिवशी चारला, खेळाआधी, व्यंकटचा सत्कार सुरू झाला. इकडं सत्कार तीन भाषांत करतात; एकीत केला तर बाकी दोन रुसतात. चनमल्लप्पा कन्नडात बोलले, बाबूलाल दखनी उर्दूत. अंबाजी गुरुजींनी मराठीत चेंडूचा संबंध शून्याशी, शून्याचा ब्रह्मांडाशी लावला आणि ते तिथंच राहिले. फेट्याखाली घामाघूम झालेला व्यंकट सूर्याकडं बघत होता. भाषणं कमी पडायलीत, असं त्या मांडवात फक्त त्यालाच वाटत होतं.

शेवटी त्याची पाळी आली. मैदानात त्यानं ‘दे’ आणि ‘सोड’ यापलीकडं शब्द खर्चला नव्हता. आज त्यानं दिवस बुडेपर्यंत बोलायचं ठरवलं, म्हणजे अंधारात मॅच टळेल. हैदराबादची बिर्याणी झाली, कलकत्त्याचा चिखल झाला, मुंबईच्या खाणावळवाल्या बाईचे नातेवाईक नावानिशी झाले. सूर्य चिंचेच्या शेंड्याला टेकला. मग गोवा आला, आणि गोव्यानंतर सांगण्यासारखं काही नव्हतं.

तिथं थांबला असता तर चाललं असतं. पण एवढं पळालेलं तोंड आवरेना.

“दुसरा गोल मीच केलता,” तो म्हणाला. “मग एकानं गुडघ्यावर पाय दिला. आवाज मी ऐकला, त्यानंबी ऐकला. वाटलं, व्हईल बरा. न्हाई झाला. आता जिना उतरायचा तर मी पाठमोरा उतरतो. मला पळता येत न्हाई.”

बायकांत बसलेल्या शोभाबाईनं पदर तोंडावर घेतला.

किशनराव शेजारी येऊन बसले. हळू आवाजात त्यांनी सांगितलं, की ड्रिल मास्तरला पोरांपुढं पळावं लागतं, तेव्हा जागेचं काही जमायचं नाही. रागानं म्हणाले असते तर व्यंकटला सोपं गेलं असतं. त्यानं फेटा काढून मांडीवर ठेवला. दिवस बुडाला होता, म्हणून उमरग्याची पोरं मुक्कामाला राहणार होती. मॅच सकाळी, आणि त्याच्यावाचून.

किशनरावांनी चेंडूवरचा हार उचलला आणि थबकले. चेंडू एका बाजूनं भाकरीसारखा बसला होता. अंगठ्यानं दाबून बघितला, तर अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला. दुपारपर्यंत व्यंकटराव म्हणणारे किशनराव त्याच्या कानाशी वाकले.

“व्यंकट, ह्यात हवाच न्हाई की. हाराखाली कुणाला दिसलंच न्हाई. आज मॅच तशीबी झाली नसती. तुझ्या पेटीत पंप आसंल तर सकाळी तेवढी हवा भरून दे.”