सकाळी रडायचं नाही

डोणगावच्या शिवारात पुंजाजीचा कपाशीचा प्लॉट होता, पण तो कापसासाठी नव्हता. पुढच्या सालच्या बीटीच्या पाकिटात जी सरकी भरली जाते, ती तिथं तयार व्हायची. ही शेती बैलांवर चालत नाही, बायकांच्या नखांवर चालते. उद्या उमलणारी कळी आज दुपारून सोलायची, तिच्यातला नर काढून टाकायचा आणि ओळखायला लाल कागद अडकवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजूच्या तुकड्यातली नर फुलं तोडून आणायची आणि त्यांचा पराग त्या कळीला लावायचा. कळी एकच सकाळ थांबते. असे साठ दिवस, तीस बायका आणि एकेकीच्या हाताखालून रोज सात-आठशे कळ्या.

या कामात हात गुंततात, तोंड मोकळं राहतं. पहिला आठवडा बायकांनी सासवा-सुना पुरवून पुरवून वापरल्या. नवव्या दिवशी सगळं गाव बोलून संपलं. तेव्हा सुचितानं गोष्ट काढली.

सुचिता चोवीस वर्षांची. डी.एड. होऊन बसलेली, कारण मास्तरांची भरती बंद. दोन हजार बारा साल होतं आणि भरती बंद असल्यालाही आता दोन वर्षं झाली होती. घरी बसून काय करायचं म्हणून ती प्लॉटवर यायला लागली आणि आठवड्यात सगळ्यांत जलद हात तिचा ठरला. लहानपणी जानेफळला मामाच्या घरी सुट्टीत तिनं टीव्हीवर एक जपानी कार्टून पाहिलं होतं, हिंदीतलं. राजा-राण्यांच्या काळातलं प्रेमप्रकरण. ते तिला पाठ होतं.

गोष्ट अशी. बर्फाचा मुलुख. तिथल्या राणीच्या वाड्यावर एलिना नावाची शिंपीण. लढाई हरलेल्या शेजारच्या राजानं आपला पोरगा कास्पर ओलीस म्हणून या वाड्यावर ठेवलेला. हिवाळा आला की एलिनानं त्याच्या अंगाचं माप घ्यायचं आणि नवा कोट शिवायचा. दहा वर्षांचा आला तेव्हा माप तिच्या कमरेपर्यंत. मग खांद्यापर्यंत. मग एका हिवाळ्यात तिला स्टूल घ्यावं लागलं, आणि त्या दिवसापासून दोघांचंही माप चुकायला लागलं.

"स्टूल घेतलं म्हणते!" सिंधूताई म्हणाली. सिंधूताई साठीची, पन्नासएक लग्नं जमवलेली. दुसऱ्याच दिवसापासून तिनं कास्परचा काशीराम करून टाकला. "काशीरामच्या मायले काही पडली नाई का वं? पोरगं असं लोकाच्या दारी टाकलं!"

"राजकारण असते ताई."

"राजकारण गेलं चुलीत. पोरगं जेवलं का, थे सांग."

पंधराव्या दिवशी अडचण आली. राणीनं कास्परचा कुत्रा मारायचा हुकूम दिला, आणि सकाळी साडेनऊ वाजता तीस बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. पुसलेली बोटं परागाला. पराग ओला झाला की मेला. त्या दिवशीच्या अर्ध्या कळ्या तिसऱ्या दिवशी गळून मातीत पडल्या.

पुंजाजीची बायको कोकिळा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येऊन उभी राहिली. प्लॉट खरं तर तीच चालवायची. तिनं गोष्ट बंद केली नाही, कारण गोष्ट सुरू झाल्यापासून एकही बाई घरी राहिली नव्हती आणि शेजारच्या भगवानरावच्या प्लॉटवरच्या चार बायका आपणहून इकडं आल्या होत्या. तिनं फक्त नियम केला.

"सकाळी अकरापर्यंत रडायचं नाई. मेलं-गेलं जे काय असन, थे दुपारी सोलणीच्या टायमाले सांगायचं. सकाळी निरे लग्नं, मेजवान्या सांग."

सुचितानं हा नियम इमानानं पाळला. सकाळी नाच, जत्रा, रेशमी झगे. दुपारी तुरुंग, जहर, ताटातूट. राणीचं मरण नेमकं सकाळी नऊला आलं, तेव्हा तिनं राणीला दुपारी दोनपर्यंत खोकत ठेवलं. मधल्या वेळात राणीनं दोन मेजवान्या खोकत खोकत उरकल्या.

आता दीपक. पुंजाजी-कोकिळाचा एकुलता एक, एकोणतीस वर्षांचा. त्याच्या अकरा मुली पाहून झाल्या होत्या. खरं सांगायचं तर अकरा मुलींनी त्याला पाहून टाकलं होतं. कपाशीला भाव नाही, पावसाचा नेम नाही, त्या सालांत मुलीच्या बापाला जालन्याच्या कारखान्यातला वॉचमन चालायचा, विहीरवाला शेतकरी नको असायचा. शेवटी कोणाच्या तरी सल्ल्यानं दीपकनं बायोडाटात 'शेती' खोडून 'बीजोत्पादन क्षेत्रात कार्यरत' असं लिहिलं. लोणारकडचे एक पाहुणे त्यावर भुलून ऑफिस पाहायला म्हणून आले आणि धुऱ्यावर उभे राहून विचारू लागले, साहेबांची केबिन कुठं आहे. दीपकनं विहिरीवरची पाण्याच्या मोटारीची खोली दाखवली. पाहुणे चहा न घेता गेले.

प्लॉटवर दीपकचं काम म्हणजे बायकांच्या मागून ओळीत फिरायचं आणि सोलायची राहून गेलेली फुलं तोडून टाकायची. पंचविसाव्या दिवसानंतर तो एकाच ओळीच्या मागं फिरायला लागला. बाकीच्या ओळींत फुलं राहायला लागली.

गोष्टीतला काशीराम कमी बोलायचा आणि खिडकीत उभा राहून लांब पाहायचा. दीपकला खिडकी नव्हती म्हणून तो विहिरीच्या काठावर उभा राहायला लागला. कपाळावर केसांची एक बट सोडली. कपाशीत पांढरा शर्ट घालून आला.

"दीपक, डोयात केस जाऊन राह्यले बाप्पा," सिंधूताई ओरडली. "तेल लाव जरा."

"राहू द्या ना मावशी."

"अन् विहिरीत काय पाहून राह्यला इतका? पाणी तर अजून हाये तिच्यात!"

बायका हसल्या. सुचिताही हसली, पण तिनं एकदा वळून पाहिलं. त्या एका पाहण्याच्या भांडवलावर दीपकनं आठ दिवस काढले. मग धीर करून त्यानं सिंधूताईलाच गाठलं आणि सिंधूताई त्याच दुपारी सुचिताच्या ओळीत जाऊन बसली.

"पोरगा चांगला हाये. दारू नाई, तंबाखू नाई. काय म्हणू त्याले?"

सुचिताचं नख थांबलं नाही. "गोष्ट संपू द्या ताई. मंग सांगीन."

हे उत्तर टाळायला होतं की खरं होतं, हे तिलाही नक्की माहीत नसावं. दीपकनं मात्र त्याचा नीट हिशेब मांडला. साठाव्या दिवशी काम बंद होणार, म्हणजे गोष्ट तोवर संपणार. गोष्ट लग्नाकडं चालली आहे हे तर आंधळ्यालाही दिसत होतं. म्हणजे झालंच. त्यानं मनातल्या मनात मांडवाची जागाही मोजून घेतली.

पन्नासाव्या दिवशी मलिहा आली.

बायकांना गावातून शेतावर आणणारा ऑटो मेहबूबभाईचा. मलिहा त्याची मुलगी, मेहकरला कॉलेजात. सुट्टी लागली म्हणून सोबत आली आणि थोडी गोष्ट ऐकून म्हणाली, "ही तर मी वाचलेली हाये. मोबाईलवर. पण तुम्ही सांगता तशी नाई."

तीस हात थांबले.

"कार्टून नंतर बनवलं," मलिहा सांगू लागली. "आधी पुस्तक होतं, चित्रांचं. एका बाईनंच काढलेलं. तिकडं पोरींच्या मासिकात महिन्याले एक तुकडा यायचा."

"म्हणजे आपल्यावाणीच," सिंधूताईला बरं वाटलं. "तुकड्या-तुकड्यानं."

"त्याचं नाटकही हाये. हे पाहा." मलिहानं मोबाईल पुढं केला. सोनेरी पट्ट्यांचा निळा कोट, उंच टाच, कमरेला तलवार. मोबाईल ओळीओळीनं फिरला.

"अगं माय, काशीराम! काय पोरगं हाये वं! नजर लागन."

"मावशी, थे बाई हाये. त्या नाटकात सगळ्या बायाच असते. माणसाचं कामही बायाच करते."

सिंधूताईनं फोटो परत एकदा नीट पाहिला. "तरीच," ती म्हणाली. "म्हटलं इतका टापटीप माणूस कसा काय!"

मग मलिहानं सुचिताला बाजूला घेऊन सांगितलं की पुस्तकाचा शेवट वेगळा आहे. कार्टूनमध्ये तह होतो, कास्पर सुटतो, एलिनाला घोड्यावर बसवून आपल्या मुलखात नेतो, राणी करतो. पुस्तकात ती जात नाही. सुचिताला हे ठाऊक नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत चार दिवस ती मोबाईलला डोळे लावून बसली. चौथ्या दिवशी वाचून झालं तेव्हा तिनं भाकरी तशीच परत बांधली.

ही खबर दीपकपर्यंत पोचायला अर्धा तास लागला. संध्याकाळी ऑटो भरत होता तेव्हा तो मलिहाच्या बाजूला येऊन उभा राहिला.

"मलिहा, एक काम होतं. तिले कार्टूनवाला शेवट सांगायला लाव ना."

"काऊन?"

"बाया रडतीन. पराग ओला होईन."

"शेवटच्या दिवशी पराग कुठं असते दीपकभाऊ? थे काम तर आदल्या दिवशीच बंद होते."

दीपकनं बट मागं सारली. "तरी पण. चांगलं नाई वाटत."

"कोणाले?"

यावर दीपक काशीरामसारखा लांब पाहायला लागला. तिकडं मेहबूबभाईचा ऑटो होता.

साठावा दिवस. त्या दिवशी नवं फळ धरायचं नसतं. झाडावर उरलेल्या कळ्या-फुलं खुडून टाकायची, म्हणजे झाडाचा जोर धरलेल्या बोंडांकडं जातो. बायका खुडत होत्या आणि सुचिता सांगत होती. दीपक दोन ओळी सोडून, हातातल्या एकाच फुलाच्या पाकळ्या करत होता.

"तह झाला. कास्परला न्यायला घोडे आले. त्यानं वाड्यातल्या मोठ्या माणसांशी बोलून सगळं ठरवून टाकलं. हिला न्यायचं, महाल द्यायचा, राणी करायचं. राणी झाल्यावर कोट शिवायचे नसतात, म्हणून एलिनाची कात्री इथंच ठेवायची, असंही ठरलं. सगळं ठरल्यावर तिले सांगायला आला. एलिनानं त्याचं शेवटचं माप घेतलं. अन् म्हणाली, तुम्ही जा. मी येत नाही."

कोणी खुडेना.

"मंग तो गेला. दर हिवाळ्यात तो आपल्या मापाचा दोरा पाठवायचा. त्या दोऱ्यावर ती कोट शिवायची अन् पाठवून द्यायची. तो म्हातारा झाला, वाकला, दोरा आखूड व्हायला लागला. एक वर्ष दोरा आला नाई. संपली."

रडायची मुभा होती, पण रागच आधी आला.

"असं कसं संपलं? कोट शिवून काय लग्न होते काय?"

"साठ दिवस आम्ही उन्हात बसलो, अन् ही मेली कात्रीसाठी राह्यली!"

"मलिहा, हे पुस्तकवाली बाई कुठं राह्यते? तिले म्हणा डोणगावले ये एकदा."

दीपक मुकाट्यानं मोटारीच्या खोलीकडं निघाला होता. कोकिळानं त्याच्या पाठीकडं पाहिलं आणि धुऱ्यावरून सरळ सुचितासमोर आली. तिचं बोलणं कधीच आडवळणाचं नसे.

"गोष्ट झाली तुही. आता माह्या पोराचं काय?"

तीस माना सुचिताकडं वळल्या.

"काकू, त्यानं मले विचारलंच कुठं?" सुचिता म्हणाली. "आधी सिंधूताईले पाठवलं. मंग मलिहाले. काल पुंजाजीकाका आमच्या बाबाले भेटून आले म्हणते. सगळ्यायले विचारून झालं. मीच राह्यली."

"दीपक!" कोकिळानं हाक मारली. मोटारीच्या खोलीपर्यंतच काय, भगवानरावच्या प्लॉटपर्यंत गेली असेल. "इकडं ये. तोंडानं विचार."

दीपक आला. आयुष्यात पहिल्यांदा तीस बायका त्याच्यासाठी हात थांबवून उभ्या होत्या.

"सुचिता," तो म्हणाला, "तू… म्हणजे मी… करशील का माह्याशी लग्न?"

"हे झालं विचारणं!" सिंधूताई पुटपुटली. पन्नास लग्नांत मुलीला कोणी थेट विचारल्याचं तिनं ऐकलं नव्हतं.

सुचितानं हातातल्या खुडलेल्या कळ्या खाली टाकल्या. "आज मी इथं मजुरीनं येते. माहा हात सगळ्यांत जलद हाये म्हणून तुह्या घरच्यांले मी आवडली, हे मले समजते. पुढच्या सालापासून तोच हात घरचा होईन, बिनमजुरीचा. मले त्याचं वाईट नाई वाटत, काम मले येते. पण बियाणं घेणाऱ्या कंपनीच्या फॉर्मवर प्लॉट कोणाच्या नावानं, तिथं माहं नाव पाह्यजे. थे लिहिशील?"

दीपकनं आईकडं पाहिलं.

"आईकडं काय पाह्यते बे!" बायकांतून ओरड झाली. "तुले विचारून राह्यली थे!"

"लिहीन," दीपक म्हणाला. मग घाईघाईनं, कोणी परत घेईल या भीतीनं, "मीच लिहीन. माह्या हातानं."

आता सगळ्यांचे डोळे कोकिळाकडं. एवढ्या लोकांसमोर होणाऱ्या सुनेनं अट घातलेली. सिंधूताईनं तर मनातल्या मनात जमलेलं लग्न पुसायलाही घेतलं. कोकिळानं बोंडांनी लगडलेल्या ओळींवरून नजर फिरवली.

"सात सालं झाले हा प्लॉट करून," ती म्हणाली. "फॉर्मवर यायचं, दीपकच्या बाबाचं नाव. मागच्या साली कंपनीनं शाल-नारळ दिलं, तेही यायले. यायले आजवर एक कळी धड सोलता नाई आली." मग दीपककडं वळून, "दोन फॉर्म आण. अर्धा प्लॉट तिच्या नावानं. अर्धा माह्या."

"मंग हो," सुचिता म्हणाली, इतकं हळू की मागच्या ओळीतल्या बायकांना पुढच्यांना विचारावं लागलं.

पुंजाजी नेमका तेव्हाच चहाची किटली घेऊन धुऱ्यावर पोचला. बायका का टाळ्या वाजवतात हे त्याला कळेना. मलिहानं त्याला दोन वाक्यांत सांगितलं. तो किटली हातात धरून उभाच राहिला.

"अन् मी?" त्यानं विचारलं. "मी काय करू?"

"तुम्ही सकाळी नर फुलं तोडून आणत जा," कोकिळा म्हणाली. "अन् चहा वाढा आधी, थंडा होऊन राह्यला."