एकोणिसाव्या पानाला कुलूप

आमच्या नानांनी उभा जन्म शिलाई मशिनी दुरुस्त केल्या आणि दुकान बंद केल्यावर वर्षभरात आठवणींची एक अख्खी वही भरली. चौसष्ट पानं. वही माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "चिमे, हे तुझ्या त्या इंटरनेटवर टाक. पण गावभर दिसता कामा नये. फक्त आपल्या माणसांना."

मी जेवणाच्या टेबलावर बसून लोकांच्या वेबसाइट करते. एका बेकरीची आहे, एका दातांच्या डॉक्टरांची, एक कुत्र्यांना वळण लावणाऱ्या बाईंची. कुणी शिकवलं नाही. चुकत चुकत शिकले, आणि चुकायचं अजून पुरतं संपलेलं नाही.

"गावाला दिसलं तर काय बिघडतं, नाना?"

"सहाव्या पानावर गिऱ्हाइकांची नावं आहेत. आणि एकोणिसाव्यावर..." त्यांनी स्वच्छ असलेला चष्मा पुसायला घेतला. "दादानं ते पान वाचलं पाहिजे. बास."

स्कॅन करता करता मी ते वाचलंच. दीड वर्षापूर्वी एका बाईंचं मशीन तिसऱ्यांदा परत आलं, तेव्हा नाना भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर माझ्या भावाला म्हणाले होते, "ह्याच्या हातांना डोळेच नाहीत." दादानं पाना खाली ठेवला, हात पुसले आणि तो निघून गेला. आता तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि नानांशी बोलत नाही. पानावर लिहिलं होतं, की मशिनीचं शटल, म्हणजे खालचा दोरा धरणारा भाग, नानांनीच चुकीचं बसवलं होतं, आणि हे त्यांना त्याच संध्याकाळी कळलं होतं.

"मग फोन करून सांगा ना त्याला!"

"तोंडानं नाही जमत, बाई. लिहायला जमलं, तेवढं पुरे."

फोल्डरला पासवर्ड लावणं तसं सोपं. फोल्डरात एक फाईल ठेवायची, जी सर्व्हरला सांगते, की आत येणाऱ्याला नाव आणि पासवर्ड विचार. दुसरी फाईल फोल्डरच्या बाहेर, कुणाच्या हाती लागणार नाही अशा जागी. तिच्यात माणसामागे एक ओळ: नाव, आणि पासवर्डाचा असा भुगा की तो मलाही वाचता येऊ नये. नानांच्या हुकमानं पहिलं नाव दादाचं. मग मावशी, मग काका, शेवटी स्वतः नाना. दादासाठी लिहिलेलीच आज्ञा मी प्रत्येक वेळी बाणाची कळ दाबून परत आणली आणि नुसतं नाव बदललं. नानांच्या नावानं फोल्डर उघडून पाहिलं. झक्क उघडलं. सगळ्यांना आपापले पासवर्ड कळवले आणि मी बेकरीच्या कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन. "उघडत नाही गं! तुझ्या बापाला मी कधी हवीच नव्हते, पण इतकं उघड?"

"मावशी, मोठी अक्षरं, छोटी अक्षरं नीट बघून टाक."

"पस्तीस वर्षं टायपिंग शिकवलं मी. अक्षरं मला सांगतेस?"

काकांनी तर पासवर्ड नीट टाइप करतानाचा व्हिडिओच पाठवला. मी त्यांना ब्राउझर बदला, फोन बंद करून चालू करा, असले सल्ले दिले. डॉक्टर जसे पाणी भरपूर प्या सांगतात, तसे.

दादाकडून काहीच नाही. मीच फोन लावला. "वाचलंस का?"

"बोलवायचं आणि दार लावून घ्यायचं," तो म्हणाला. "नानांचं काम नेहमीच फिनिशिंगचं." आणि फोन ठेवला. मला वाटलं, वाचायचं नाही म्हणून बहाणा करतोय.

नाना रोज चहाच्या वेळी खुर्ची ओढून बसायचे. "आज कोण आलं?" सर्व्हर प्रत्येक येण्याची नोंद ठेवतो. उघडलेल्या पानांपुढे नाव असतं, ते मी वाचून दाखवायची. "तुम्ही आलात, नाना. अकरा वेळा."

"आणि?"

"आणि तुम्हीच."

पाचव्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही. कप विसळला, पालथा घातला आणि म्हणाले, "काढून टाक ते. ज्याला वाचायचं नाही त्याच्यासाठी कशाला ठेवायचं!"

काढण्याआधी मी सहज, उघडलेली पानं सोडून परत पाठवलेल्यांच्या नोंदी चाळल्या. दादाचं नाव. रविवारी तीनदा. सोमवारी सकाळी सात वाजता, कामावर निघायच्या आधी, चारदा. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत सातदा. काल दोनदा. दारात उभा राहून माझा भाऊ सोळा वेळा परत गेला होता.

मी पासवर्डांची फाईल उघडली. चार ओळी हव्या होत्या. होती एक. नाना.

मग डोक्यात उजेड पडला. त्या आज्ञेत एक छोटा 'सी' असतो. त्याचा अर्थ, जुनी पुसून नवी फाईल तयार कर. तो फक्त पहिल्या माणसाला लावायचा. मी चारही वेळा लावला होता. मावशी आली तेव्हा दादा पुसला गेला, काका आले तेव्हा मावशी, आणि शेवटी नाना सगळ्यांना पुसून एकटेच आत बसले. आणि मी टायपिंग शिकवणाऱ्या बाईला अक्षरं समजावत होते!

तिघांच्या ओळी परत घातल्या, 'सी' न लावता. चारही ओळी आहेत ना, डोळ्यांनी मोजल्या. मग कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिलं: चूक माझी होती, मावशीची बोटं निर्दोष आहेत. दादाला मात्र फोन केला.

"दार मी लावलं होतं. नानांना यातलं काही ठाऊक नाही. आत्ता उघडून बघ."

त्यानं फोन ठेवला. नाना माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले. नोंदी हलू लागल्या. दादा, पान एक. दादा, पान दोन. सहाव्या पानावर जरा रेंगाळला. पान अठरा. पान एकोणीस. आणि मग काहीच नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस.

"नेट गेलं असेल," नाना म्हणाले. मी म्हटलं, असेल.

फोन नानांचा वाजला. त्यांनी तो उलटा धरला, सरळ केला, कानाला लावला.

"शटल तुम्ही बरोबर बसवलं होतं," पलीकडून दादाचा आवाज मलाही ऐकू येत होता. "स्क्रू मी सैल ठेवला. तुम्ही जेवायला गेला होता तेव्हा."

"शटल चुकलं होतं. मी लिहिलंय तसं."

"लिहिलंत म्हणून खरं होतं का? मशीन माझ्या हातात होतं, नाना!"

"मी पंचेचाळीस वर्षं हेच केलंय! माझी चूक मला कळत नाही होय?" नानांचा आवाज चढला. मोकळा हात हवेत गेला, दुकानात जायचा तसा. "तू स्क्रू सैल ठेवशील? तू? तुझ्या हाताला..." ते थांबले.

"बोला ना," दादा म्हणाला.

"तुझा हात चांगला आहे," नाना म्हणाले, आणि लगेच घाईनं, चिडल्यासारखे, "पण शटल माझंच चुकलं होतं! ये उद्या, तसलंच मशीन खोलून दाखवतो."